व्हिक्टोरियाकालीन पुणेरी वाडा : त्याचें अंतरंग व त्याची सुधारणा

पुणें शहराचा घाऊक बाजार आज गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत भरतो. परंतु हा बाजार मूळचा तेथील नव्हे. धान्य, गूळ इत्यादि मालाची घाऊक उलाढाल पूर्वीं नाना व भवानी या पेठांतील वाड्यांत होत असे. खालीं पेढी व वखार, वर बिऱ्हाड आणि मागें परसू, अशी त्या वाड्यांची वांटणी होती. १९६३ सालच्या कृषि उत्पन्न पणन कायद्यानें नियमित बाजाराची घडी राज्यभर बसत गेली आणि पुण्याचा घाऊक व्यापारही पेठांतून निघून यार्डांत गेला. पोतीं गेलीं, तराजू गेले, आणि मागें तळमजले रिकामे राहिले. या वाड्यांपैकीं कित्येक व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, बांधलेले किंवा त्या काळांत आंतून बदललेले आहेत.

अशा वाड्यांचें पुढें काय करावें, हा प्रश्न आज मालकांपुढें आहे. पाडून टाकण्याचा पक्ष आम्ही येथें विचारांत घेत नाहीं. ज्यांस वाडा ठेवून त्याच्या आंत आजच्या सोयींचें घर करावयाचें आहे त्यांच्यासाठीं, आणि वाड्याकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकांसाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वाड्याचें अंतरंग हें एक दप्तर आहे. दप्तर वाचल्याशिवाय कोणी जाळूं नये, हें तर खरेंच. पण घराच्या बाबतींत याहून अधिक खरें असें आहे कीं, जो हें दप्तर वाचतो त्याचीच सुधारणा टिकते.

१. काळ कसा ओळखावा

पेशवाईच्या अखेरचा वाडा आणि १८८० च्या सुमाराचा वाडा हे रस्त्यावरून पुष्कळदां सारखेच दिसतात. भेद आंत शिरल्यावर कळतो. या भेदाचीं कारणें शोधूं लागल्यास कांहीं सनावळ्या डोळ्यांपुढें ठेवाव्या लागतात. १८५७ सालीं पुण्यास नगरपालिका स्थापन झाली. १८५८ सालीं आगगाडी पुण्यास पोंचली, व १८६३ सालीं बोरघाटांतील मार्ग पुरा होऊन मुंबईशीं अखंड दळणवळण सुरू झालें. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला होऊन विलायती माल स्वस्त व लवकर येऊं लागला. त्याच सुमारास खडकवासल्याच्या धरणाचें काम सुरू झालें, आणि पुढील दशकाच्या अखेरीस तें तडीस गेलें.

या प्रत्येक घटनेची खूण घरांत सांपडते. कुंभाराच्या हातच्या नळीच्या कौलांऐवजीं चपटीं, एकमेकांत अडकणारीं मंगळुरी कौलें आलीं. ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत कांचांचीं अर्धवर्तुळें आणि ब्रह्मदेशचा साग आला. जुन्या तुळईवर वाकसानें तासल्याचे घाव दिसतात. हातकरवतीच्या रेघा तिरप्या व अनियमित, तर यंत्रकरवतीच्या रेघा एकसारख्या असतात. लोहाराच्या हातचा खिळा चौकोनी असतो. तारेचा गोल खिळा मागाहूनचा. मात्र अशा खुणांचा अर्थ जपून लावावा. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आंकडा उमटविलेला आढळतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा सन आहे, कौलाच्या घडणीचा नव्हे. त्यावरून घराचा काळ ठरविणारा फसतो. शिवाय छप्पर बदललें म्हणून भिंत त्याच वेळची होत नाहीं. एका वाड्यांत दोनतीन पिढ्यांच्या सुधारणा एकावर एक चढलेल्या असतात, आणि आज आपण करणार ती त्यांतील आणखी एक. सुधारणा ही वाड्याला परकी गोष्ट नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

२. घराची प्रकृति

वैद्य औषध देण्यापूर्वीं प्रकृति पाहतो, तद्वत् घराचीही पहावी. पुणेरी वाड्याचें जोतें काळ्या दगडाचें. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व कड्यांवर पाट, असा लांकडी सांगाडा. बहुतेक भार हा सांगाडा वाहतो. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात व घराचें मोजमाप खणांनीं होतें. भिंती खालच्या अंगास दगडाच्या वा पक्क्या विटांच्या, वर कित्येक ठिकाणीं कच्च्या विटांच्या व मातीच्या. त्यांवर चुन्याचा गिलावा. मध्यें चौक. चौकांतून उजेड उतरतो, तापलेली हवा वर जाते व खोल्यांतून थंड हवा ओढली जाते. ओसरी पावसाची झड अडविते. पोटमाळा उन्हाचा ताप झेलतो, त्यामुळें खालची खोली निवते.

यांतील एकही अवयव केवळ शोभेचा नाहीं. चौकावर कायमचें पत्र्याचें छत घालून खोली वाढविली कीं घरास एक खोली मिळते खरी, परंतु भोंवतालच्या सर्व खोल्यांचा श्वास कोंडतो. दिवसां दिवे लावावे लागतात, भिंतींतील ओल हटत नाहीं, आणि मग त्या ओलीवर उपाय म्हणून आणखी एक चूक केली जाते. ती कोणती हें पुढें सांगतों.

विलायतेंतील व्हिक्टोरियाकालीन रांगेंतल्या घरांचीही कथा अशीच आहे. त्यांच्या भिंती भरीव विटांच्या व चुन्यांत बांधलेल्या. तळमजल्याच्या लांकडी जमिनीखालीं पोकळी, व त्या पोकळींत वारा खेळावा म्हणून भिंतींत जाळीच्या विटा. विसाव्या शतकांतील सुधारकांनीं शेगड्या बुजविल्या, जाळ्या लिंपल्या, भिंतींस सिमेंट फांसलें, आणि ओल घरांत कोंडून ठेवली. तेथें जुन्या इमारती खरवडून नव्या करण्याच्या हव्यासाविरुद्ध विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं संस्था काढली. नित्याची डागडुजी करीत जावें, म्हणजे पुढें जीर्णोद्धाराची पाळीच येत नाहीं, हें तिचें सूत्र आमच्या वाड्यांसही लागू आहे.

३. ओल, चुना व सिमेंट

चुनखडी भाजून कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विरवून, वाळूबरोबर घाणींत मळून गिलाव्यास वापरीत. हा गिलावा हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून हळूहळू पुन्हां दगड बनतो. तथापि त्यांत सूक्ष्म छिद्रें राहतात. पावसाळ्यांत भिंत जी ओल पिते ती हिवाळ्या-उन्हाळ्यांत या छिद्रांवाटे बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा कठीण व घट्ट असतो. तो ओलीस बाहेर जाऊं देत नाहीं. परंतु त्याला तडा गेला कीं पावसाचें पाणी आंत मात्र घेतो. मग ओल भिंतींतच वर चढते, मातीची वीट मऊ पडते, आणि भिंतींत रोंवलेलें तुळईचें टोंक कुजूं लागतें. वरून भिंत गुळगुळीत दिसत असतां आंत सांगाडा पोखरला जातो, हा या सुधारणेंतील मोठा धोका होय.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम छप्पर व पन्हळी दुरुस्त कराव्या. मग जोत्याभोंवतीं सांचणारें पाणी दूर न्यावें. मग भिंतीस एक उन्हाळा वाळूं द्यावें. आणि शेवटीं चुन्याचाच गिलावा व चुन्याचीच सफेती द्यावी. मातींत बांधलेल्या भिंतीस पाणी किती घातक आहे हें पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरांत पाहिलेंच आहे; नदीकांठच्या पेठांत तशा भिंती अक्षरशः विरघळल्या. जें त्या दिवशीं एकदम घडलें तेंच कोंडलेली ओल वर्षानुवर्षें सावकाश घडवीत असते.

४. उजेड, वीज व आग

वाड्यांतील उजेडाचा इतिहास कोनाड्यांत लिहिलेला आहे. कोनाड्याच्या माथ्यावरील काजळी ही तेलाच्या पणतीची. तुळईवरील कडी ही हंडी-झुंबरांची. लांकडी पट्ट्यांवरून नेलेल्या कापडवेष्टित तारा व चिनीमातीचीं बटणें हीं विजेच्या पहिल्या पिढीचीं. नवी वीज घेतांना जुन्या तारा पूर्णपणें बंद कराव्या. त्यांचें वेष्टन ठिसूळ झालेलें असतें, व भोंवतीं शतक उलटलेलें कोरडें सागवान असतें. १८२८ सालीं शनिवारवाडा आगींत गेला; १८७९ सालीं बुधवारवाडा व विश्रामबागवाडा हे पेटले. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग लोकवर्गणीच्या साहाय्यानें पुन्हां उभा राहिला, बुधवारवाडा मात्र गेला तो गेला. लांकडी सांगाड्याच्या घरांत आगीस दुसरी संधि द्यावयाची नसते, हा या घटनांचा धडा आहे.

तारा नळींतून न्याव्या व त्या नळ्या भिंत खोदून पुरण्याऐवजीं कडीपाटाच्या कडेनें उघड्या न्याव्या. भिंत वांचते, आणि दोष झाल्यास तो दिसतो. खांबास भोंकें पाडूं नयेत. प्रत्येक मजल्यास वेगळा प्रवाह-रोधक ठेवावा. जुन्या वास्तूंत नवा प्रकाश बेताबेतानें आणतां येतो याचें चांगलें उदाहरण मुंबईंत आहे. १८७२ सालीं खुलें झालेलें भायखळ्याचें व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय, जें १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्याचा जीर्णोद्धार होऊन आंतील मूळचें रंगीत व सोनेरी काम पुन्हां उजळलें, आणि २००५ सालीं युनेस्कोनें आशिया-प्रशांत विभागांतील वारसा-संरक्षणाचा उत्कृष्टतेचा पुरस्कार त्यास दिला. ती वास्तु घर नव्हे, हें खरें. पण व्हिक्टोरियाकालीन अंतरंगास आजचा माणूस सामावून घेतां येतो, हें तिनें सिद्ध केलें.

५. पाणी, मोरी व शौचकूप

नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळानें शहरांत आलें व जागोजाग हौद झाले. पाणी घराजवळ आलें, घरांत नव्हे. खडकवासल्याच्या पाण्यानंतर नळ घरांत शिरूं लागला. हा बदल दिसण्यांत लहान असला तरी त्यानें बायकांच्या दिवसाची वांटणी बदलली. मोरी परसवांतून घरांत आली, न्हाणीघराची जागा हलली आणि चौकांतील आडाचा मान कमी झाला.

हौद व आड बुजवून जागा सपाट करणें ही सुधारणेंत पहिल्यानें सुचणारी गोष्ट. तींत काय गमावलें जातें हें गंज पेठेंत समजतें. त्या पेठेस आज महात्मा फुले यांचें नांव आहे. तेथें जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. १९७२ सालीं तें घर राज्याचें संरक्षित स्मारक झालें. मधल्या काळांत कोणी सोयीसाठीं तो हौद बुजविला असता, तर एवढ्या मोठ्या कृत्याची साक्ष देणारी वस्तूच नाहींशी झाली असती. प्रत्येक वाड्याच्या हौदास असा इतिहास असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोणत्या हौदास आहे हें बुजविल्यानंतर कळत नाहीं.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या घरांतील सर्वच कांहीं जतन करण्याजोगें नव्हतें. बाळंतिणीची अंधारी खोली हवेवांचून कोंदट असे. परसवाच्या टोंकास टोपलीचा संडास असे व त्याची झडप मागील बोळांत उघडत असे. कारण मैला नेणाऱ्या माणसानें घराच्या पुढील दारानें यावयाचें नाहीं, असा दंडक होता. १९९३ व २०१३ सालच्या कायद्यांनीं ही प्रथा गुन्हा ठरविली आहे. ती खोली उजळावी, तो संडास काढावा. यांत दुमत असण्याचें कारण नाहीं. मात्र काढण्यापूर्वीं त्या झडपेचें माप घ्यावें, बोळाचा नकाशा काढावा. ज्या इतिहासाचा अभिमान वाटतो त्याचाच पुरावा ठेवला व ज्याची लाज वाटते त्याचा पुसला, तर तें संशोधन नव्हे. दिवाणखान्याची महिरप आणि बोळांतील झडप हीं एकाच घराचीं अंगें होतीं.

नवीन शौचकूप व न्हाणी यांची जागा ठरवितांना एक हिशेब विसरूं नये. वरच्या मजल्यावर दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत चार इंच जाडीचा सिमेंट-काँक्रीटचा थर घातला, तर त्याचें वजन सुमारें सव्वादोन टन भरतें. कडीपाट माणसांसाठीं व सामानासाठीं केलेला असतो, या ओझ्यासाठीं नव्हे. म्हणून पाण्याचीं कामें शक्यतों तळमजल्यावर, जोत्याच्या दगडावर करावीं. घाऊक बाजार उठून गेल्यानें रिकामी झालेली वखारीची जागा यास फार सोयीची. ती पोत्यांचें ओझें सोसण्यासाठींच केलेली होती. वर न्यावयाचींच झाल्यास एकावर एक अशा उभ्या ओळींत, हलक्या बांधणीचीं, व लांकडापासून सुटीं ठेवावीं.

६. स्वयंपाकघर, जमीन व जिना

चुलीच्या धुरानें माजघर काळें होई व डोळे चुरचुरत. पण त्याच धुरानें आढ्याचें लांकूड कोरडें राहून किडीस अटकाव होई. गॅस आल्यावर धूर गेला, हें उत्तमच झालें. तथापि आढें व वांसे दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं ठोकून पाहण्याचें काम त्याबरोबर आपल्याकडे आलें. भरीव आवाज निघाला तर लांकूड ठीक. पोकळ निघाला तर वाळवी समजावी. कुजलेलें टोंक तेवढेंच कापून जुन्या सागाचा सांधा द्यावा. भवानी पेठेंतील लांकडाच्या बाजारीं चौकशी केल्यास योग्य लांकूड मिळूं शकतें; सबंध तुळई बदलण्याची गरज क्वचितच पडते.

शेणानें सारवलेली जमीन जाऊन फरशी आली, व १९२२ सालीं मुंबईस सिमेंटच्या रंगीत फरश्यांचा देशी कारखाना निघाल्यावर नक्षीच्या फरश्याही घरोघर दिसूं लागल्या. त्या जुन्या दिसतात म्हणून उखडून चकचकीत फरशी घालणें हें व्यर्थ होय. घासून मेण लावल्यास त्या पुन्हां सतेज होतात. भिंतीच्या जाडींत बसविलेला अरुंद जिना मात्र म्हाताऱ्या माणसांस खरोखर अवघड असतो. तो तसाच ठेवून दुसरा रुंद जिना घालावयाचा असल्यास एखाद्या खणांतील फक्त कड्या काढून घालावा. तुळई व खांब यांस हात लावूं नये.

७. पाडण्याआधीं नोंद

वाड्यांची दुर्दशा केवळ मालकांच्या अनास्थेनें झाली असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं जुन्या आंकड्यांवर थांबलीं. दुरुस्तीचा खर्च मात्र दर वर्षीं वाढत गेला. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा नवा कायदा अंमलांत आला, तोंवर दोन पिढ्यांची डागडुजी राहून गेली होती. भाडेकरूस छप्पर हवें होतें, मालकास उत्पन्न हवें होतें, आणि दोघांच्या ओढाताणींत पन्हळ गळत राहिली. म्हणून आम्ही जी नोंद सुचवितों ती थोड्या खर्चाची व कोणासही करतां येण्याजोगी आहे.

प्रत्येक मजल्याचा नकाशा खण मोजून काढावा. प्रत्येक भिंतीचें छायाचित्र मोजपट्टी शेजारीं धरून घ्यावें. रंगाचे थर पहावयाचे असल्यास आडोशाच्या जागीं एक इंच लांबीरुंदीची पायरी-पायरीनें खरवड करावी. सफेतीखालीं निळा, त्याखालीं काव, त्याखालीं एखादें चित्रही निघतें. खांबांवरील सुताराच्या खुणा, कौलांवरील छाप व दारावरील जुने घरक्रमांक उतरून घ्यावे. बळदांत, माळ्यावर व तक्तपोशीमागें कागद सांपडल्यास ते रद्दींत न देतां जागेच्या नोंदीसह बाजूस ठेवावे. पेढीची एक चोपडी बाजारभावाच्या इतिहासास मोलाची असते. शेवटीं, घरांतील वडीलधाऱ्या बायकांस खोल्यांचीं नांवें विचारावीं. देवडी, सोपा, माजघर, बळद, फडताळ हे शब्द वस्तूंबरोबर जातात, आणि ते कोणत्या कामास लागत हें त्या घरांत राबलेल्यांसच ठाऊक असतें.

ही नोंद मालकाच्या हितासही उतरते. जो खण मोजतो त्यास कोठें खांब वांकला तें दिसतें. जो थर खरवडतो त्यास ओल कोठवर चढली तें कळतें. जो बोळाचा नकाशा काढतो त्यास नवा मैलानळ कोठून न्यावा याचें उत्तर मिळतें. संशोधन व सोय यांचा येथें विरोध नाहीं.

तात्पर्य, वाडा ठेवणें म्हणजे जुन्या गैरसोयी ठेवणें नव्हे, आणि सुधारणा करणें म्हणजे आंतील सर्व उपसून कवच तेवढें उरविणें नव्हे. गेल्या दीडशें वर्षांत या घरांनीं मंगळुरी कौल घेतलें, नळ घेतला, वीज घेतली, आजचेंही घेतील. घेणाऱ्यानें मागील पिढ्यांनीं काय केलें व कां केलें हें आधीं पहावें, आणि आपण काय केलें हेंही सन घालून लिहून ठेवावें. पेठांत अद्यापि उभे असलेले वाडे दर पावसाळ्यास कमी होत आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें काम निघणार असेल त्यांनीं पहिली पहार लागण्यापूर्वीं एक नकाशा काढावा व त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाच्या वा संशोधनसंस्थेच्या दप्तरीं द्यावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.